व्हीजीए केबलमधून चित्र नेमकं जातं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या टेबलावर बसून मला बरीच वर्षं झाली. निळ्या कनेक्टरची ती जाड केबल आता नव्या मशीनला फारशी दिसत नाही. पण शाळेची लॅब, ग्रामपंचायतीचं ऑफिस, सभागृहातला प्रोजेक्टर, दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर अशा ठिकाणी ती अजून रोज राबते आहे. तिच्याबद्दलचे प्रश्नही तेच ते येतात, आणि दर वेळी फक्त "केबल बदला" असं उत्तर देऊन माझं समाधान होत नाही. आत काय चाललंय हे एकदा समजलं, की निम्मे बिघाड माणसाला स्वतःलाच ओळखता येतात. म्हणून हे पान सविस्तर लिहिलं आहे.

केबलमध्ये जाण्याआधी चित्र असतं कुठे?

ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत, आणि तेही निव्वळ आकड्यांच्या रूपात. मेमरीच्या या भागाला फ्रेमबफर म्हणतात. स्क्रीन १०२४ × ७६८ची असेल तर एकूण पिक्सेल झाले ७,८६,४३२. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. हिशोबाच्या सोयीसाठी पिक्सेलला चार बाइट धरतात, म्हणजे अख्ख्या स्क्रीनला बरोबर ३ एमबी लागतात.

मॉनिटरला मात्र या आकड्यांतलं काही कळत नाही. त्याला हवा असतो विजेचा दाब.

आकड्याचा व्होल्टेज कोण करतं?

कार्डातला डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, बोलीत 'डॅक'. असे तीन डॅक असतात, एका रंगाला एक. आकडा ० असेल तर तारेवर ० व्होल्ट, २५५ असेल तर ०.७ व्होल्ट. मधे २५५ पायऱ्या, म्हणजे एक पायरी जेमतेम पावणेतीन मिलिव्होल्टची.

भगव्याची एक नेहमीची छटा घेऊ: लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. हा पिक्सेल केबलमधून जाताना लाल तारेवर ०.७० व्होल्ट, हिरव्या तारेवर ०.४२ आणि निळ्या तारेवर ०.१४ व्होल्ट असतात. केबलच्या दृष्टीने भगवा म्हणजे हे तीन दाब, बस्स.

डॅकच्या आत शेतातल्या पाइपलाइनीसारखी रचना असते. एका मोठ्या पाइपला आठ तोट्या जोडल्या आहेत असं समजा. पहिलीतून १ माप पाणी येतं, दुसरीतून २, तिसरीतून ४, असं दुपटीने वाढत आठवीतून १२८. आकडा २०० आला तर १२८, ६४ आणि ८ या तीन तोट्या उघडायच्या, बाकीच्या बंद. इथे पाण्याऐवजी विजेचा प्रवाह असतो आणि सगळ्या तोट्या उघडल्या की तो सुमारे १८.७ मिलिअँपिअर होतो. हा प्रवाह ७५ ओहमच्या दोन रोधांमधून वाहतो, एक कार्डात आणि एक मॉनिटरमध्ये. दोन्ही समांतर असल्याने मिळून ३७.५ ओहम होतात. गुणाकार करून पाहा, ०.७ व्होल्टच येतील.

यात एक खोच आहे. आकडा १२७ वरून १२८ वर जाताना सात तोट्या बंद होतात आणि आठवी उघडते. सगळ्यांची वेळ एका क्षणाला जुळली नाही तर मधेच एक झटका येतो आणि पडद्यावर नको तिथे ठिपका चमकतो. म्हणून चांगल्या डॅकमध्ये वरच्या बिटांसाठी एकच मोठी तोटी ठेवत नाहीत. सारख्या मापाच्या अनेक छोट्या तोट्या ठेवून त्या एकेक करून उघडतात.

आणि कुठला पिक्सेल कुठे उमटवायचा, हे मॉनिटरला कोण सांगतं?

हे समजलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. पिक्सेलचा पत्ता केबलमधून जातच नाही. व्हीजीएमध्ये जागा म्हणजे वेळ.

शाळेतलं शुद्धलेखन आठवा. गुरुजी एका लयीत सांगत जातात, मुलं लिहीत जातात. "नवी ओळ" म्हटलं की मुलं वहीच्या डाव्या कडेला येतात, "नवं पान" म्हटलं की पान उलटतात. कुठला शब्द कुठे लिहायचा हे गुरुजी सांगत नाहीत, तो ज्या क्षणी कानावर येतो त्यावरूनच त्याची जागा ठरते. "नवी ओळ" सांगणारा सिग्नल म्हणजे हॉरिझाँटल सिंक (१३ नंबरची पिन), आणि "नवं पान" सांगणारा व्हर्टिकल सिंक (१४ नंबरची).

६४० × ४८० या मूळ मोडचे आकडे घेऊ. कार्डातलं पिक्सेल क्लॉक सेकंदाला २ कोटी ५१ लाख ७५ हजार वेळा टिकटिकतं. प्रत्येक टिकेला मेमरीतून पुढचा पिक्सेल उचलायचा, तीन डॅकना द्यायचा आणि तारेवर सोडायचा. एका पिक्सेलच्या वाट्याला ३९.७ नॅनोसेकंद येतात. ओळीत दिसणारे पिक्सेल ६४०, पण टिका मोजल्या जातात ८००. उरलेल्या १६० टिकांमध्ये (आधी १६ विश्रांतीच्या, मग ९६ सिंकच्या, मग ४८ पुन्हा विश्रांतीच्या) तारेवर काळोख असतो. उभ्या दिशेनेही तसंच: दिसणाऱ्या ओळी ४८०, मोजलेल्या ५२५. या सगळ्यातून सेकंदाला ५९.९४ चित्रं निघतात, त्यालाच आपण ६० हर्ट्झ म्हणतो.

हा रिकामा वेळ ठेवण्याचं कारण ट्यूबच्या मॉनिटरमध्ये आहे. इलेक्ट्रॉनचा झोत उजव्या कडेला पोचल्यावर डावीकडे परत यायला त्याला वेळ लागतो, आणि परतताना त्याने पडद्यावर रेघ ओढता कामा नये. शिवाय सिंकनंतरच्या विश्रांतीत मॉनिटर तारेवरचा दाब पाहून "हा माझा काळा" अशी खूणगाठ बांधतो. पुढच्या सगळ्या छटा त्या काळ्याच्या मानाने मोजल्या जातात.

'रॅमडॅक' या शब्दात रॅम कशाला?

आयबीएमने १९८७ साली पीएस/२ कॉम्प्युटरबरोबर व्हीजीए आणलं, तेव्हा मेमरी महाग होती. पिक्सेलला तीन-तीन बाइट देणं परवडणारं नव्हतं. म्हणून पिक्सेलला एकच आकडा द्यायचा, आणि "आकडा ३७ म्हणजे अमुक रंग" असा २५६ घरांचा तक्ता डॅकला लागूनच एका छोट्या रॅममध्ये ठेवायचा, अशी युक्ती निघाली. तक्त्यातला प्रत्येक रंग ६-६-६ बिटांचा, म्हणजे २,६२,१४४ रंगांपैकी कुठलेही २५६ एका वेळी स्क्रीनवर. रॅम आणि डॅक एकाच चिपमध्ये बसवलेले, म्हणून रॅमडॅक. इनमॉस या ब्रिटिश कंपनीची जी१७१ ही त्या काळातली नावाजलेली चिप.

मला यातलं सौंदर्य असं वाटतं, की चित्राच्या एकाही बाइटला हात न लावता फक्त तक्त्यातला रंग बदलला की पुढच्याच फ्रेमला अख्ख्या स्क्रीनवर तो बदलतो. जुन्या गेममधलं वाहतं पाणी, हळूहळू अंधारणारा पडदा हे सगळं या तक्त्याच्या जोरावर चालायचं. पुढे पिक्सेलला पूर्ण रंग मिळाल्यावरही तक्ता राहिलाच, गॅमा म्हणजे उजेड-अंधाराचा तोल दुरुस्त करण्यासाठी.

कॉम्प्युटर डिजिटल असताना ॲनालॉग सिग्नल का निवडला? ही पिछेहाट नव्हती का?

नव्हती. उलट व्हीजीएच्या आधीची कार्डंच मॉनिटरला डिजिटल सिग्नल पाठवत होती. १९८१च्या सीजीएमध्ये रंगासाठी चार तारा होत्या, प्रत्येक तार एक तर चालू नाही तर बंद, म्हणून रंग सोळाच. १९८४च्या ईजीएमध्ये सहा तारा झाल्या आणि रंग ६४. त्याच पद्धतीने अडीच लाख रंग दाखवायचे तर १८ तारा लागल्या असत्या. ॲनालॉग केल्यावर रंगासाठी तीनच तारा उरल्या, आणि कार्डातला डॅक सुधारला की त्याच केबलमधून, त्याच मॉनिटरवर आणखी रंग मिळू लागले. ट्यूबमधली इलेक्ट्रॉन गनसुद्धा दाबावरच चालते. तिच्यासाठी हीच भाषा सोयीची होती.

कार्डाला मॉनिटर जोडलाय हे कसं कळतं?

दोन वाटांनी. १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून कार्ड मॉनिटरमधली १२८ बाइटची माहिती वाचतं: कंपनी, मॉडेल, कुठले मोड चालतात वगैरे. या दोनपैकी एक तार तुटली तर चित्र दिसतं, पण विंडोज मॉनिटरचं नाव ओळखत नाही आणि पूर्ण रेझोल्यूशन यादीतच येत नाही. "ड्रायव्हर टाकून दिला तरी फरक नाही" म्हणून येणाऱ्या बऱ्याच मशीनचं मूळ हेच असतं.

दुसरी वाट फार सुंदर आहे. मॉनिटर जोडला नसेल तर त्याच्यातला ७५ ओहमचा रोध सर्किटमध्ये नसतो. मग तोच प्रवाह फक्त कार्डाच्या ७५ ओहममधून जातो आणि दाब दुप्पट होतो. कार्ड स्वतःच्या पिनवरचा दाब तपासतं. अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, तर पलीकडे कोणी नाही.

स्क्रीन पिवळी किंवा गुलाबी झाली. मॉनिटर गेला का?

बहुतेक वेळा नाही. एका रंगाची तार निसटलेली असते. पांढऱ्यातून निळा गेला की पिवळं दिसतं, हिरवा गेला की गुलाबी-जांभळं, लाल गेला की आकाशी. पिन १ लाल, २ हिरवा, ३ निळा. कनेक्टर काढून उजेडात धरा, एखादी पिन वाकून आडवी झालेली दिसेल. मात्र मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन मुळातच नाही असं दिसलं तर घाबरू नका. कितीतरी केबलींमध्ये ती बसवलेलीच नसते.

'आउट ऑफ रेंज' येतं, म्हणजे काय?

गुरुजी इतक्या भरभर सांगताहेत की लिहिणाऱ्याचा हात पुरत नाही. ६४० × ४८० ला ६० हर्ट्झवर सेकंदाला साधारण साडेएकतीस हजार ओळी येतात, १०२४ × ७६८ ला अठ्ठेचाळीस हजारांवर. मॉनिटरच्या मर्यादेबाहेरचा वेग आला तर तो चित्र दाखवायचं नाकारतो. मशीन सेफ मोडमध्ये सुरू करा, रेझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट उतरवा. फार जुन्या ट्यूबच्या मॉनिटरला त्याच्या ताकदीबाहेरचा सिग्नल जबरदस्तीने देऊ नका. त्यांच्यात ही सोय नसायची आणि आतले भाग जळायचे.

मराठी मजकुरात शिरोरेघ ठळक दिसते, पण काना आणि अनुस्वार पुसट का?

हा प्रश्न एका डीटीपी करणाऱ्या ताईंनी विचारला होता आणि तो मला फार आवडला, कारण यात ॲनालॉग सिग्नलचा स्वभाव डोळ्यांना दिसतो.

आडवं अंतर म्हणजे वेळ, हे वर आलंच. १०२४ × ७६८ ला एका पिक्सेलला साधारण १५ नॅनोसेकंद मिळतात. पांढऱ्या पानावर काळी शिरोरेघ काढताना तारेवरचा दाब एकदा खाली येतो आणि शब्द संपेपर्यंत, तीस-चाळीस पिक्सेल, खालीच राहतो. त्याला पुरेसा वेळ मिळतो. काना मात्र एक-दोन पिक्सेल रुंद. १५ नॅनोसेकंदांत ०.७ वरून ० वर यायचं आणि लगेच परत ०.७ वर जायचं. केबल लांब किंवा हलकी असेल तर दाब पूर्ण खाली येण्याआधीच वर निघायची वेळ होते. काळ्याऐवजी करडी रेघ उमटते आणि तिची कड उजवीकडे फिसकटते. अनुस्वाराचा ठिपका त्याहून लहान, म्हणून 'मंदिर' लांबून 'मदिर' वाचलं जातं.

खाली-वर असलेल्या ओळींचं तसं होत नाही. एका ओळीचा पिक्सेल आणि त्याच्या बरोबर खालचा पिक्सेल यांत वीस मायक्रोसेकंदांचं अंतर असतं, म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत. पुसटपणा आडवाच पसरतो. १९२० × १०८० ला पिक्सेलला पावणेसात नॅनोसेकंदच उरतात, तिथे तर हा त्रास लगेच जाणवतो. उपाय: केबल शक्य तितकी आखूड घ्या, आणि रंगाच्या तिन्ही तारांना स्वतंत्र जाळीचं आवरण असलेली घ्या. अशी केबल हाताला जाड लागते.

प्रोजेक्टरवर प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे सावली दिसते. लेन्स खराब आहे का?

लेन्सचा दोष नाही, हा प्रतिध्वनी आहे. तार, कार्ड आणि प्रोजेक्टर तिन्ही ७५ ओहमचे असतील तर सिग्नल पलीकडे पूर्ण शोषला जातो. मधे स्वस्तातला जॉइंटर, स्प्लिटर किंवा भलतीच केबल आली, की थोडा सिग्नल आपटून मागे येतो, पुन्हा आपटून पुढे जातो आणि उशिरा पोचतो. केबलमधून सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. १० मीटरच्या केबलमध्ये एक जास्तीची येरझार म्हणजे १०० नॅनोसेकंद. पिक्सेलला १५ धरले तर सावली सहा-सात पिक्सेल उजवीकडे पडणार. स्क्रीनवर सावलीचं अंतर मोजलं, तर सिग्नल किती अंतरावर आपटतोय याचा अंदाज घेता येतो. मी अशा वेळी आधी मधले जॉइंटर काढून पाहतो.

एलसीडीवरचं 'ऑटो' बटण दाबल्यावर अक्षरं स्वच्छ का होतात?

एलसीडीला ठरलेल्या जागेचे ठरलेले पिक्सेल असतात. तिला येणारा दाब पुन्हा आकड्यात बदलावा लागतो. म्हणजे कार्डाने आकड्याचा दाब केला आणि मॉनिटरने दाबाचा परत आकडा. अडचण अशी, की कार्डाचं पिक्सेल क्लॉक केबलमधून येत नाही. मॉनिटरला फक्त "नवी ओळ" ऐकू येते, आणि त्यावरून मधल्या टिका त्याला स्वतः तयार कराव्या लागतात. एका ओळीत टिका किती हे चुकलं तर पडद्यावर उभे धूसर पट्टे येतात. टिका बरोबर पण दाब मोजण्याचा क्षण चुकला, तर मोजणी दोन पिक्सेलांच्या सांध्यावर होते आणि अक्षर थरथरतं. 'ऑटो' या दोन्ही गोष्टी शोधून जुळवतं, शिवाय चित्राच्या कडाही शोधतं.

म्हणून काळ्या वॉलपेपरवर ऑटो दाबू नका, त्याला कडा सापडत नाहीत. आधी पांढरं पान पूर्ण स्क्रीनभर उघडा, त्यावर बारीक मजकूर असेल तर उत्तमच, आणि मग दाबा.

चित्र लाटांसारखं हलतं.

दोन वेगळी कारणं आहेत. एका शाळेच्या लॅबमध्ये ट्यूबच्या मॉनिटरची एक अख्खी रांग डोलत होती, केबली बदलून झाल्या होत्या. मॉनिटरच्या मागेच मोठा स्टॅबिलायझर ठेवलेला. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व झोताला ओढत होतं. तो चार फूट लांब सरकवला, डोलणं थांबलं.

दुसरं कारण अर्थिंग. कॉम्प्युटर एका बोर्डावर, प्रोजेक्टर दुसऱ्या, आणि दोन्हींची अर्थ सारखी नसेल तर केबलच्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि स्क्रीनवर आडवे पट्टे सरकतात. दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर लावून पाहा. प्लगची अर्थ पिन तोडून पट्टे घालवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका, ती पिन जीव वाचवते. आणि ट्यूबचा मॉनिटर उघडू नका. रंगीत ट्यूबवर वीस हजारांहून जास्त व्होल्ट असतात, आणि मशीन बंद केल्यावरही बराच काळ टिकतात.

एचडीएमआय ते व्हीजीए साधी केबल का चालत नाही?

कारण एचडीएमआयमध्ये ॲनालॉग सिग्नल नावालाही नाही. मधे डॅकची चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. या चिपला वीज एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनेवरून मिळते, आणि तिथे हमी ५५ मिलिअँपिअरचीच असते. चित्र येऊन-जाऊन करत असेल तर बाजूला यूएसबीने वीज देण्याची सोय असलेला कन्व्हर्टर घ्या. दिशा बघून घ्या. व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा कन्व्हर्टर वेगळा असतो, तो उलटा चालत नाही.

डीव्हीआयचं पोर्ट असेल तर नीट पाहा. चपट्या पात्याभोवती चार भोकं असतील तर त्यात ॲनालॉग आहे आणि साधा जोड चालतो, नसतील तर नाही. एनव्हिडियाने २०१६च्या १० सिरीजपासून ॲनालॉग काढून टाकलं, एएमडीने २०१३च्या आर९ २९० मध्येच. इंटेलच्या प्रोसेसरांत २०१५च्या स्कायलेकपासून ते नाही. त्यानंतरच्या मदरबोर्डांवर व्हीजीए पोर्ट दिसतो तो वेगळी चिप बसवून दिलेला. जीटी ७१० सारख्या जुन्या चिपच्या कार्डांवर मात्र तो खरोखरीचा आहे.

हा सिग्नल घरी मोजून पाहता येतो का?

साध्या मल्टिमीटरनेही. मॉनिटर चालू आणि जोडलेलाच ठेवा, नाहीतर दाब दुप्पट दिसेल. जुन्या केबलचं आवरण सोलून पिन १ (लाल) आणि पिन ६ (लालची परतीची तार) मोकळ्या करा, त्या एकमेकींना चिकटू देऊ नका. स्क्रीनभर पांढरा रंग आणा आणि मीटर डीसी व्होल्टवर लावा. ०.७ दिसेल असं वाटतं, पण काटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास थांबतो. मीटरला पिक्सेलच्या वेगाने धावता येत नाही, तो सरासरी दाखवतो. ६४० × ४८० ला मोजलेल्या ४,२०,००० टिकांपैकी ३,०७,२०० टिकांनाच उजेड असतो, बाकीच्या झोत परत येण्याच्या. ०.७ ला या प्रमाणाने गुणलं की ०.५१ येतात.